कल्ला एक, कामं चार

मासे घेताना आपण आधी कल्ल्याचं झाकण बोटानं उचलून आत बघतो. लालभडक दिसला तर मासा ताजा, तपकिरी दिसला की पुढच्या टोपलीकडे. तो लाल रंग रक्ताचा असतो. माशाच्या अंगावर दुसरीकडे कुठेही रक्त इतकं उघड दिसत नाही. इथे दिसतं, कारण बाहेरचं पाणी आणि आतलं रक्त यांच्यामध्ये मिलीमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच पडदा असतो. मासा जगतो तो या पडद्यावर, आणि पाणी बिघडलं की पहिला फटका बसतो तोही याच पडद्याला.

उन्हाळा लागल्यापासून पहिला पाऊस होईपर्यंत कधी ना कधी कोल्हापूरच्या पंचगंगेत मासे मेल्याची बातमी येते. कधी राजाराम बंधारा, कधी रुई, कधी शिरोळ तालुक्यात तेरवाडचा बंधारा. पाण्यावर पांढऱ्या पोटांचा खच, काठावर उभं राहवत नाही असा वास, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: नदीत कुणी काय सोडलं? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण त्या रात्री माशाच्या शरीरात काय झालं हे समजल्याशिवाय त्याचं उत्तर हाती लागत नाही. बहुतेक वेळा मारेकरी एकटा नसतो. ऊन, साचलेलं पाणी, मैला, शेवाळ, रात्रीची वेळ, प्रत्येक जण थोडं थोडं ओरबाडतो आणि सगळे ओरबाडतात ते एकाच अवयवाला.

कारण माशाचा कल्ला म्हणजे फक्त त्याचं फुप्फुस नाही. श्वास घेणं, रक्तातल्या मिठाचा हिशोब राखणं, अमोनिया बाहेर टाकणं आणि रक्ताची आम्लता ताब्यात ठेवणं ही चारही कामं प्रामुख्यानं कल्लाच करतो. आपल्याकडे ही कामं फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि यकृत वाटून घेतात. एकाला त्रास झाला तर दुसरं काही काळ सावरून घेतं. माशाला ती सोय फार कमी.

पाण्यात प्राणवायू असतोच किती

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो आणि ३० अंशांना साडेसात. हे आकडे समुद्रसपाटीचे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे त्यातूनही पाच-सहा टक्के वजा करायचे. म्हणजे एप्रिलच्या कोमट पंचगंगेत, पाणी अगदी स्वच्छ असलं तरी, लिटरमागे सात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू राहतो. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या मानानं हा साठा अडतीस-चाळीस पटींनी कमी आहे.

त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आणि कितीतरी चिकट. ते तोंडातून आत ओढायचं, कल्ल्यांवरून ढकलायचं आणि झाकणाखालून बाहेर सोडायचं, हे माशाला प्रत्येक श्वासाला करावं लागतं. त्यामुळे नुसत्या श्वास घेण्यावर माशाची जेवढी शक्ती जाते तेवढी आपली जात नाही. इतक्या महागानं मिळवलेल्या पाण्यातून होईल तेवढा प्राणवायू काढून घेतलाच पाहिजे, आणि मासा तो घेतो. कल्ल्याच्या प्रत्येक तंतूवर अगदी बारीक पापुद्र्यांच्या ओळी असतात. पापुद्र्यावरून पाणी एका दिशेनं जातं आणि आतलं रक्त बरोबर उलट दिशेनं वाहतं. त्यामुळे रक्तात प्राणवायू भरत जातो तसं त्याच्यासमोर आणखी ताजं, आणखी प्राणवायू असलेलं पाणी येत राहतं. दोन्ही एकाच दिशेनं वाहते तर अर्ध्यावर येऊन देवाणघेवाण थांबली असती. या उलट्या प्रवाहामुळे काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेऊ शकतात. आपली फुप्फुसं हवेतल्या प्राणवायूचा साधारण चौथा हिस्साच घेतात आणि उरलेला सोडून देतात. आपल्याला ते परवडतं.

इथे माशाच्या हृदयाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. माशाचं हृदय रक्त आधी कल्ल्यांकडे पाठवतं, तिथून ते साऱ्या अंगात फिरतं आणि शेवटी हृदयाकडे परत येतं. अनेक माशांत हृदयाच्या स्नायूला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः या परतलेल्या रक्तातूनच, म्हणजे मेंदू, स्नायू, आतडी सगळ्यांचं भागून जे उरेल त्यातून. पाण्यातला प्राणवायू घटला की अंगात फिरून येणारं रक्त अगदीच रिकामं येऊ लागतं. अशा वेळी बऱ्याच माशांचं हृदय मुद्दाम सावकाश पडू लागतं. ठोके कमी होतात, पण प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त जातं, ते कल्ल्यात थोडं जास्त वेळ रेंगाळतं आणि हृदयावरचा भारही हलका होतो. आपण गुदमरलो की छाती धडधडते. माशाचं हृदय तेव्हा धीमं होतं.

ऊन चढतं तेव्हा

माशाचं रक्त थंड असतं असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे ते पाण्याइतकंच गरम किंवा थंड असतं. पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं की माशाचं शरीरही तितकं तापतं आणि पेशींतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात. दहा अंशांना साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम. म्हणजे मासा काहीही न करता नुसता एका जागी थांबला, तरी त्याला आता दुप्पट प्राणवायू हवा. आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यात प्राणवायू मावतोय कमी.

घरखर्चाचा हिशोब डोळ्यांसमोर आणा. पगार येतो, त्यातून भाडं, किराणा, वीजबिल जातं आणि जे शिल्लक राहतं त्यातून मुलांची फी, सण, दुखणं-खुपणं, लग्नकार्य निघतं. माशाचंही असंच आहे. त्याचे कल्ले आणि हृदय मिळून जास्तीत जास्त जेवढा प्राणवायू शरीराला पुरवू शकतात तो त्याचा पगार. नुसतं जिवंत राहायला लागतो तो घरखर्च. आणि उरलेल्या शिलकीतून त्याला पोहायचं असतं, खाल्लेलं पचवायचं असतं, वाढायचं असतं, रोगाशी झुंजायचं असतं आणि अंडी घालायची असतात. टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४७ साली हा विचार नीट मांडला आणि माशांच्या शरीरक्रियेचा अभ्यास आजही त्याच्या आधारानं चालतो. तापमान घरखर्च वाढवतं आणि प्राणवायूची टंचाई पगारावर मर्यादा घालते, हा फरक त्यांनी स्पष्ट केला. दोन्ही एकदम झालं की शिल्लक दोन्हीकडून खाल्ली जाते.

मासा मरतो तो शिल्लक शून्याखाली गेल्यावर. पण त्याच्या कितीतरी आधी, शिल्लक थोडी उरली असतानाच, तो वाढणं थांबवतो, खाणं सोडतो, अंड्यांवर खर्च करत नाही. ते आपल्याला दिसत नाही, कारण त्याची बातमी होत नाही.

पचनाला लागणारा प्राणवायू लोक लक्षात घेत नाहीत. पोटभर खाल्लेल्या माशाला पुढचे काही तास उपाशी माशापेक्षा बराच जास्त प्राणवायू लागतो, कधी दुप्पटही. म्हणूनच शेततळ्यात मासे पाळणारा जाणता शेतकरी ढगाळ, उकाड्याच्या दिवशी खाद्य कमी करतो किंवा बंदच ठेवतो. नवख्याला वाटतं, मासे मलूल दिसतायत, थोडं जास्त खायला घालूया. मासे मलूल असतात श्वासासाठी, आणि टाकलेलं खाद्य तळाला कुजून उरलासुरला प्राणवायूही ओढून घेतं.

याच्या अगदी उलट टोकाला अंटार्क्टिकाचा बर्फमासा आहे. तिथलं समुद्राचं पाणी शून्याखाली पावणेदोन-दोन अंशांपर्यंत जातं, मिठामुळे गोठत नाही आणि प्राणवायूनं गच्च भरलेलं असतं. इतक्या थंडीत माशाचा घरखर्च इतका कमी की या जातीच्या रक्तात हिमोग्लोबिनच उरलेलं नाही. रक्त पाण्यासारखं, बिनरंगाचं. मोठं हृदय आणि भरपूर रक्त यांच्या जोरावर, रक्तात नुसत्या विरघळलेल्या प्राणवायूवर हा मासा जगतो. कल्ल्याचा लाल रंग बघून ताजेपणा ठरवणाऱ्या आपल्यासारख्यांना तो मासा घेताच आला नसता. आणि पंचगंगेच्या पाण्यात तो काही मिनिटंही टिकला नसता.

पहाटेची वेळ

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर संध्याकाळी फिरायला जाणारे हजारो आहेत. तळं समजून घ्यायचं असेल तर मात्र तांबडं फुटायच्या आधी जायला हवं.

तळ्यात मैल्याचं पाणी आलं की त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ पोसतं. पाणी हिरवं, दाट दिसू लागतं. दिवसा ऊन असताना हे शेवाळ प्राणवायू तयार करतं, इतका की भर दुपारी पाण्यात मावायला हवा त्यापेक्षाही जास्त प्राणवायू सापडतो, लिटरमागे १२-१५ मिलिग्रॅमसुद्धा. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू बनवणं थांबवतं आणि श्वासासाठी वापरू लागतं. मासेही वापरतात, तळाच्या गाळातले जिवाणूही वापरतात. रात्रभर साठा उतरत जातो आणि सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. दाट हिरव्या तळ्यात तो पहाटे लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या खालीही जाऊ शकतो. रोहू-कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशांना पाचाच्या वर सुखाचं, तीनच्या खाली त्रासाचं आणि एकाच्या आसपास जिवावरचं.

त्या वेळी काठावर उभं राहिलं तर दिसतं ते असं. मासे तळ सोडून वर आलेले असतात, अंग तिरकं, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला लावलेलं, ओठ सारखे उघडमीट करत. कल्ल्यांची झाकणं भराभर हलतात. हे हवा गिळणं नव्हे. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात हवेतून प्राणवायू सतत झिरपत असतो, तो थर मासा ओढून घेतो. माणूस जवळ गेला की एरवी क्षणात बुडी मारणारा मासा अशा वेळी हलायलाही तयार नसतो, कारण खाली गेला तर गुदमरेल. बगळे आणि खंड्यांना हे चांगलं ठाऊक असतं. ऊन वर आलं की तासा-दोन तासांत मासे खाली जातात आणि नऊ वाजता येणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही.

म्हणून मासे मेल्यावर दुपारी बारा वाजता पाण्याचा नमुना घेतला आणि त्यात प्राणवायू पुरेसा निघाला, तर त्या अहवालाला फारसा अर्थ नाही. नमुना खोटा नसतो, वेळ चुकलेली असते. मोजायचं असेल तर पहाटे पाच-साडेपाचला मोजा, आणि दुपारी पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांतलं अंतर तळ्याची तब्येत सांगतं.

एप्रिल-मेमधला वळीव यात आणखी भर घालतो. उन्हानं तापलेलं वरचं पाणी हलकं असतं, ते खालच्या थंड पाण्यावर दिवसेंदिवस बसून राहतं. दोन्ही मिसळत नाहीत, त्यामुळे तळाजवळचा प्राणवायू संपून जातो. मग एका संध्याकाळी वारा सुटतो, गारांसकट वळीव कोसळतो, वरचं पाणी एकदम थंड होऊन खाली बसतं आणि तळाचं काळं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. लोक पहिल्या पावसाच्या वासानं सुखावलेले असतात, आणि त्याच रात्री तळ्यातले मासे अडचणीत असतात.

मीठ सुटतं, पाणी शिरतं

कल्ल्याचं दुसरं काम मिठाचं. माशाच्या रक्तात समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश इतकं मीठ असतं. समुद्र त्याहून खारट, नदी त्याहून कितीतरी अळणी. म्हणजे कुठलाही मासा आपल्या भोवतालच्या पाण्याशी जुळलेला नसतो. नदीतल्या माशाच्या अंगात कल्ल्याच्या त्या पातळ पडद्यातून पाणी सतत शिरत राहतं आणि मीठ सतत सुटत राहतं. म्हणून तो पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल, भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी नदीच्या पाण्यातून मिठाचा एकेक कण वेचून परत रक्तात घेतात. रत्नागिरी-मालवणहून घाट चढून आपल्या बाजारात येणारा बांगडा किंवा सुरमई याच्या बरोबर उलट जगलेली असते. तिथे समुद्र माशाच्या अंगातलं पाणी ओढतो, म्हणून मासा समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो.

हे कल्ले करतात हे कळलं तसं अलीकडेच. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानं कोपनहेगनमध्ये, नोबेल विजेते ऑगस्ट क्रोघ यांच्या प्रयोगशाळेत, ईल या लांबट माशाच्या कल्ल्यांतून रक्तातलं मीठ बाहेर पडतं हे प्रयोगानं दाखवलं. पुढे क्रोघ यांनी गोड्या पाण्यातल्या माशांतला उलटा व्यवहार उलगडला. काही मासे दोन्ही बाजूंनी चालू शकतात. रायगडात खाडीतली जिताड्याची पिल्लं आणून गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढवायची जुनी पद्धत आहे. जिताडा ते सहन करतो, कारण त्याच्या कल्ल्यातल्या पेशी काही दिवसांत काम बदलू शकतात. बांगड्याला ते जमत नाही.

आता खरी मेख बघा. प्राणवायू जास्त हवा तर कल्ल्यात जास्त रक्त खेळवावं लागतं, सगळे पापुद्रे उघडावे लागतात, पडदा पातळ राहावा लागतो. पण पडदा जितका मोठा आणि पातळ, तितकं मीठ जास्त सुटतं. धाप लागलेला मासा मीठ गमावत असतो. युरोपातल्या क्रुशियन कार्पनं यावर विलक्षण तोडगा काढला आहे. पाणी थंड आणि प्राणवायू भरपूर असला की त्याच्या पापुद्र्यांमधल्या फटी पेशींनी भरून येतात, कल्ला जवळजवळ सपाट दिसतो आणि मीठ वाचतं. पाणी तापलं किंवा प्राणवायू घटला की त्या पेशी गळून जातात आणि पापुद्रे पुन्हा मोकळे होतात. अवयवाचा आकारच हंगामाप्रमाणे बदलतो.

मत्स्यबीज नेणाऱ्यांना ही गोष्ट अनुभवानं माहीत असते. बोटुकली पिशवीत भरण्याआधी एक दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे प्राणवायू कमी लागतो आणि पिशवीत घाण होत नाही. पाण्यात थोडं मीठ टाकतात, कारण घाबरलेल्या, हाताळलेल्या पिल्लांच्या कल्ल्यांतून मीठ भराभर सुटतं आणि बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ असलं की ते सुटणं कमी होतं. तळ्यावर पोचल्यावर पिशवी लगेच फोडत नाहीत. ती तशीच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू देतात, आतलं-बाहेरचं तापमान सारखं होऊ देतात, मग तोंड सोडून तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घेतात आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू देतात. ज्यांना घाई असते त्यांची बरीच पिल्लं त्याच दिवशी किंवा दोन दिवसांत जातात, आणि दोष बियाणाला दिला जातो.

अमोनिया आणि सामू

आपल्या शरीरात प्रथिनांचा कचरा यकृतात युरिया होतो आणि लघवीतून जातो. बहुतेक मासे एवढा खर्च करत नाहीत. ते अमोनिया तसाच कल्ल्यातून पाण्यात सोडतात. बाहेर अमोनिया कमी आणि आत जास्त, म्हणून तो आपोआप बाहेर जातो. मैल्यामुळे पाण्यातच अमोनिया साठला की हा रस्ता बंद होतो, आणि मग तो उलटा आतही येतो.

त्यात सामूची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणाऱ्या आकड्याची (pH), भूमिका मोठी आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप बरंचसं निरुपद्रवी, दुसरं पडद्यातून सहज आरपार जाणारं आणि विषारी. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला तर सात टक्क्यांच्या आसपास, आणि ९ झाला तर ४० टक्क्यांच्या वर. हिरवंगार शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि सामू चढवतं. म्हणजे पहाटे प्राणवायूची टंचाई सोसलेल्या माशाला दुपारी, प्राणवायू भरपूर असताना, तोच मैला अमोनियाच्या रूपानं गाठतो. चोवीस तासांत सुटकेची वेळ फार थोडी उरते.

केनियातल्या मगाडी तलावाचा सामू १० च्या आसपास आहे. तिथे राहणारा छोटा तिलापिया अमोनिया बाहेर टाकूच शकत नाही, म्हणून तो आपल्यासारखा युरिया तयार करतो. पण हे जमायला पिढ्यान्‌पिढ्या जाव्या लागल्या. नदीचं पाणी एका उन्हाळ्यात बदललं तर माशाकडे तेवढा वेळ नसतो.

बंधाऱ्यामागचं पाणी

आता हे सगळं पंचगंगेत आणून बघू. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन प्रयाग चिखलीहून निघालेली नदी कोल्हापूर शहर, मग इचलकरंजी असं करत नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. वाटेत जागोजागी बंधारे आहेत. जिथे-तिथे ‘को. प. बंधारा’ म्हणून ओळखला जातो तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आपल्याच जिल्ह्याच्या नावाचा. पावसाळा संपला की खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालायचे, पाणी अडवायचं आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढायचे. शेतीला याचा फायदा फार मोठा आहे आणि तो नाकारायचं काहीच कारण नाही. पण बरगे घातले की वाहती नदी लांबट तळ्यांची माळ होते. वाहतं, खळाळतं पाणी हवेतून प्राणवायू घेतं, साचलेलं फारच कमी घेतं. त्यात नाल्यांचा मैला येतो, तळाशी बसतो, कुजतो.

कुजण्याला लागणारा प्राणवायू मोजायचं माप म्हणजे बीओडी. अंघोळीच्या पाण्यात तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. घरगुती मैल्याचा बीओडी दोनशे-तीनशेच्या घरात असतो. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा, प्रक्रिया न करता, ४०,००० किंवा त्याहूनही जास्त. असं एक लिटर पाणी कुजताना कोमट नदीच्या साडेपाच हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. नदी वाहती असेल तर ती हवेतून नवा प्राणवायू घेत ही तूट थोडीफार भरून काढते. बंधाऱ्यामागे तेही होत नाही.

मग मृगाच्या तोंडावर पहिला जोराचा पाऊस येतो. गावोगावचे नाले आठ महिन्यांची घाण घेऊन नदीत उतरतात, तळाचा गाळ ढवळला जातो, बरगे निघतात आणि वरच्या बंधाऱ्यातलं काळं पाणी एकदम खाली येतं. मासे आधीच उन्हानं, अमोनियानं आणि रात्रीच्या गुदमरण्यानं शिल्लक संपवून बसलेले असतात. तेवढा धक्का जानेवारीत बसला असता तर कदाचित सोसला असता.

सगळे मासे सारखे मरत नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. चिलापी बराच वेळ पृष्ठभागाच्या थरावर निभावते. मरळ, मागूर, शिंगी हवेतूनच श्वास घेऊ शकतात, त्यांच्या डोक्यात किंवा अंगात त्यासाठी वेगळे अवयव असतात. मरळ तर हवेशिवाय जगूच शकत नाही. तिला पाण्याखाली अडकवून ठेवलं तर स्वच्छ पाण्यातही ती गुदमरून मरते. म्हणून पाणी बिघडत गेलं की नदी एकदम ओस पडत नाही, आधी नाजूक मासे जातात आणि सोसणारे उरतात. जाळ्यात मासे पडतच राहतात, पण वर्षागणिक तेच चार प्रकार. ‘अजून मासे आहेत की नदीत’ हे ऐकून मला म्हणूनच धीर येत नाही.

चढणीचे मासे

राधानगरी, आजरा, चंदगडकडे पहिल्या पावसात ओढ्यांतून वर चढणाऱ्या माशांची वाट लोक वर्षभर बघतात. हे चढणंही शरीरक्रियेचाच भाग आहे. दिवस मोठा होतो, पाणी तापतं, तशी उन्हाळ्यातच अंडाशयं भरू लागतात. मग पावसाचं नवं, गार, वाहतं पाणी आलं की मेंदू मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीला इशारा देतो, ती संप्रेरक सोडते आणि मादी अंडी सोडायला तयार होते. रोहू, कटला, मृगळ तळ्यात उत्तम वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, कारण तो शेवटचा इशारा तिथे मिळत नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून हा इशारा बाहेरून दिला. आज शेततळ्यात पडणारं जवळजवळ सगळं कार्पचं बीज त्या शोधातून आलं आहे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे.

पण ज्या मादीनं सगळा उन्हाळा गुदमरत काढला तिच्या अंडाशयात भरायला काही उरलेलंच नसतं. कार्पवर झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे की दीर्घकाळ प्राणवायू कमी मिळाला तर प्रजननाची संप्रेरकं बिघडतात, अंडी कमी आणि पिल्लं अशक्त निघतात. त्यात चढणीच्या वेळी अंड्यांनी भरलेल्या माद्याच आपण टोपल्या भरून पकडतो.

मेलेल्या माशांकडे कसं बघायचं

पुढच्या वेळी नदीकाठी मेलेले मासे दिसले तर फोटोबरोबर काही गोष्टी टिपून ठेवा. त्या पुराव्याइतक्याच मोलाच्या आहेत. मासे कधी दिसले? पहाटे सापडले आणि मोठे मासे आधी, लहान मागाहून मेले असतील, तर संशय प्राणवायूच्या टंचाईवर. मोठ्या माशाला एकूण प्राणवायू जास्त लागतो, बारीक मासे पृष्ठभागाच्या थरावर तग धरतात. भर दिवसा, लहान-मोठे सगळे एकदम मेले, बरोबर खेकडे, बेडूकही मेले, तर विषारी द्रव्याचा संशय धरा. तोंड उघडं, कल्ल्यांची झाकणं फाकलेली असणं हे गुदमरल्याचं लक्षण. नुकत्याच मेलेल्या माशाचं रक्त लाल न दिसता चॉकलेटी दिसत असेल, तर पाण्यात नायट्राइट वाढलं असावं. ते हिमोग्लोबिनला निकामी करतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मरळ, मागूर मेलेत का हेही बघा. ते जिवंत आणि रोहू-मृगळ मेलेले, तर प्राणवायूच. तेही मेले असतील, तर प्राणवायूच्या पलीकडे काहीतरी आहे, आणि त्या वेळचं पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून, बर्फात ठेवून, वेळ लिहून त्याच दिवशी तपासणीला दिलं पाहिजे.